शीतलच्या भाराचा गूळ

आधीच सांगून ठेवते, नवसा-सायासावर माझा बिलकुल विश्वास न्हाई. आमच्या घरात भिंतीवर बुद्ध अन् बाबासाहेब, तिसरं कुणी न्हाई. भुताखेताचं कुणी बोलायला लागलं की मी उठून भांडे घासायला जाते. तवा मी जे सांगून राह्यले ते नीट ऐका अन् मधी हसू नका. हसायचं तेवढं मी आधीच हसून घेतलं.

माझं नाव कौसल्या. जालन्याला एका बियाण्याच्या कंपनीत पाकिटं भरते. सरकीला गुलाबी औषध लावलेलं असतं, त्यानं संध्याकाळपर्यंत आमचे हात, नखं, पदर सगळं गुलाबी होऊन जातं. एका हॉलात आम्ही तीस-पस्तीस बाया. माझ्या बाजूला शीतल बसायची, अन् ही सगळी गोष्ट शीतलची हाये.

शीतल तिशीतली बाई. अंगानं भरलेली, आवाजानं मोठी. हसायला लागली की हसू पोटातून निघायचं, मंग खांदे हलायचे, मंग टेबल हलायचं, अन् काट्यावरचं पाकीट पण हलायचं. मी खेकसायचे, की बाई तू आधी हसून घे, मंग मी वजन करते. माहेर राजूरच्या जवळचं एक खेडं. आईला एकटीच, बाप लवकर गेला. लहानपणी इतकी मरतुकडी होती म्हणं, की पाच वर्षांची झाली तरी आई तिला कडेवरून खाली ठेवायला भ्यायची. लग्न होऊन जालन्यात आली. नवरा रामप्रसाद टेम्पो चालवायचा. भाडं मिळालं तर मिळालं, न्हाई तर टेम्पोच्या सावलीत झोपायचा. माणूस वाईट न्हाई, पण घर शीतलच्या पगारावर चालून राह्यलं होतं. पोरगी तिसरीत. आमची नोकरी बारमाही, सावलीतली, अन् शीतल तिला जिवापाड जपायची.

खाण्याचं म्हणाल तर एक भाकर अन् कोरड्यास. मी दोन भाकरी खायचे. मी रोज तिच्यासमोर डबा उघडायचे, मला काय कुणी शिकवायला नको. फक्त माझ्या डब्यातलं वांगं ती उचलून न्यायची, न विचारता. मी नेहमी शिव्या द्यायचे अन् नेहमी एक वांगं जास्त आणायचे.

मागच्या साली दिवाळीनंतर कंपनीनं सगळ्यांचा दवाखान्याचा विमा काढला. चांगली गोष्ट हाये, मी न्हाई म्हणत न्हाई. पण त्याच्यामागून एक दिवस आमचे सुपरवायझर काकासाहेब हॉलात आले अन् म्हणले, उंचीपरमाणं परत्येकाचं वजन ठरलंय. त्याच्यावर जेवढे किलो जास्त, तेवढ्याचे पैसे दर महिन्याला पगारातून कापले जातील. अन् सीझन संपेपर्यंत जिचं खाली येणार न्हाई, तिला ब्रेक, म्हणजे कामावरून घरी.

मी विचारलं, "साहेब, तुमच्या पोटाचे किती किलो होतात?"

बाया हसल्या. काकासाहेब पण हसले, तेवढं त्यांच्यात हाये. म्हणले, "माझे पण कापणार हायेत, कौसल्याबाई. वरून आलंय. जाड माणसाचा दवाखान्याचा खर्चा जास्त, त्यानं सगळ्यांचा हप्ता वाढतो. आता एकीचा बोजा बाकीच्यांनी काहून उचलायचा, तुम्हीच सांगा."

जेवणाच्या सुट्टीत आम्ही हात धुऊन मागच्या शेडमधी बसतो. तिथं लई वादावादी झाली. वंदना म्हणून एक हाये, सील मारायच्या मशीनवर बसते. ती म्हणली, "बराबर हाये त्यांचं. जी जास्त खाईल ती जास्त भरंल."

मी म्हणले, "तू दिवसभर तंबाखू मळती, तुझा दंड कुठं हाये? तुझ्या तोंडातलं काट्यावर दिसत न्हाई म्हून तू सुटली. हिचं दिसतं म्हून ही भरणार."

"अन् माझी मावशी?" वंदना म्हणली. "अंगानं जाड, त्यात साखर. दोनदा भरती करावं लागलं. खर्चा होतोच ना? तो कुणी द्यायचा?"

हे पण खोटं नव्हतं. म्हून माझं डोकं अजूनच फिरलं. शीतल मधी पडली. "मावशी, माझ्यापायी भांडू नका. भात सोडते, रात्रीचं सोडते. होईल की कमी." मी तिची मावशी न्हाई, पण ती मला मावशीच म्हणायची. त्या दिवशी तिनं माझ्या डब्यातलं वांगं उचललं न्हाई.

पैल्या तारखेला पोत्यांच्या मोठ्या काट्यावर एकेकीला चढवलं. माझं काठावर आलं. अर्धा किलो अजून असता तर माझे पण कापले असते. शीतल चढली अन् आकडा आला शहाऐंशी. भरलेली होती, पण एवढी न्हाई. वंदना नुसतं पोतं बघून वजन सांगणारी, तिनं पण भुवया वर केल्या. काकासाहेबांना शंका आली म्हणून त्यांनी एक भरलेलं पोतं ठेवून बघितलं, बराबर निघालं. शीतल परत चढली. शहाऐंशीच.

मंग तिनं खाणं सोडलं. आधी भात, मंग रात्रीची भाकर, मंग सकाळची पण अर्धी. सुट्टी झाली की बाकीच्या डबे उघडायच्या अन् ही शेडच्या पत्र्याला टेकून पाणी पीत बसायची. बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. ब्लाउज दोनदा आत घेतला. हसणं बंद झालं. टेबल हलायचं थांबलं तसं मला तिथं बसवंना. महिन्यानं काट्यावर चढली, शहाऐंशी. त्याच्या पुढच्या महिन्यात गालाची हाडं वर आली होती, तरी शहाऐंशी. काकासाहेब मान खाली घालून आकडा लिहायचे. त्यांना आकडा लिहायचा होता, बाई न्हाई.

"मावशी, मी चोरून खात न्हाई हो," ती मला म्हणली. असं म्हणायची वेळ तिच्यावर यावी, ह्याचा मला इतका राग आला की मी तिलाच रागावले. "तुझ्याकडं कुणी बघितलं तरी कळंल, येडे. खाय काहीतरी. मरशील."

"अजून दोन महिने हायेत सीझन संपायला," ती म्हणली. "तवर उतरंल."

घरी जायला आम्ही भारतच्या ऑटोत बसायचो. आमच्याच गल्लीतला हाये. एका दुपारी लवकर सुटलो, ऑटोत आम्ही दोघीच. भारतनं ऑटो चालू केला, जरा पुढं नेला अन् थांबवला. मान न वळवता विचारलं, "मागं अजून कोण बसलंय?"

"कोण बसणार? आम्ही दोघी," मी म्हणले.

तो खाली उतरला, टायरला लाथ मारून बघितली, शीतलच्या बाजूनं ऑटो खाली बसला होता तो बघितला. म्हणला, "तीन सवाऱ्यांचा भार हाये. तिसरीचे पण पैसे लागतील हां, मावशी." मस्करी करून राह्यला होता. मंग त्याची नजर शीतलच्या मनगटावर गेली. तिथं नुसतं हाड होतं. त्यानं आमचे पैसे पण घेतले न्हाई.

शीतल तिच्या शेजारच्या मोकळ्या गादीकडं बघून राह्यली होती. गादी मधी दबलेली होती. जुनी गादी हाये, दबणारच, असं मी स्वतःला सांगितलं.

त्याच्या पुढच्या पैल्या तारखेला जे झालं ते मी अन् वंदना दोघींनी बघितलं, अन् भर दुपारी बघितलं. पत्र्यातल्या काचेतून काट्यावर ऊन पडलं होतं. शीतल चढली. शहाऐंशी. काकासाहेबांनी लिहिलं अन् ते पुढच्या बाईला हाक मारणार तेवढ्यात शीतल पडली. मी बाजूलाच होते, मी तिला झेललं. खरं सांगते, माझ्या हातात काही आलंच न्हाई असं वाटलं. तिच्या पोरीला उचलल्यासारखं मी तिला उचललं.

वंदनानं माझा दंड धरला. मी बघितलं. काट्यावर कुणी नव्हतं, अन् आकडा होता चव्वेचाळीस.

"अडकलं वाटतं," काकासाहेब म्हणले. त्यांनी बटन दाबलं. आकडा गेला अन् परत तोच आला. मी तिथं थांबले न्हाई, शीतलला घेऊन दाराकडं निघाले. वंदना मागं राह्यली होती. तिनं नंतर सांगितलं, की मी उंबरा ओलांडला तसा काट्याचा पत्रा वाजला, भरलेलं पोतं उचलल्यावर वाजतो तसा, अन् मंग आकडा शून्यावर आला.

दवाखान्यात सलाईन लावलं. डॉक्टर म्हणले हिला आजार काही न्हाई, भूक हाये, खाऊ घाला. शीतल मान हलवायची अन् तोंड मिटून घ्यायची. खाल्लं अन् काट्यावर वाढलं तर नोकरी जाईल, एवढं एकच तिच्या डोक्यात बसलं होतं. रामप्रसाद पलंगाजवळ उभा राहून रडला. मी त्याला म्हणले बाहेर जाऊन रड.

गावाकडून तिची आई आली, गोजरबाई. बारकी, वाकलेली, कपाळावर मोठं गोंदण. तिला मी काट्याचं सांगितलं. सांगायचं नव्हतं, पण तोंडातून निघून गेलं. बाईनं तोंडावर हात ठेवला.

मंग म्हणली, "बाई, ते माझ्या हातून झालंय."

शीतल पाच वर्षांची, जगंल का मरंल अशी, तवा गोजरबाई राजूरच्या गणपतीला बोलली होती की पोर जगू दे, तिच्याभारोभार गूळ वाटीन. राजूरच्या वाटेवर रखमाजी म्हणून एकाचा मोठा तराजू हाये. ज्याला असा नवस फेडायचा तो तिथं जातो. पोर एका पारड्यात बसली, दुसऱ्यात गूळ. पारडी सारखी झाली अन् गूळ सगळ्या लोकांना वाटला. त्यांच्यात असं हाये, की ज्याच्या भाराचा गूळ त्यानं तो चाखायचा न्हाई.

"पण सगळं गाव खाऊन राह्यलं होतं," गोजरबाई म्हणली, "अन् माझी पोर हात पुढं करून बघून राह्यली होती. मोठमोठाले लोक बोटं चाटून राह्यले होते अन् तिलाच न्हाई. माझ्यानं बघवलं न्हाई. मी एक खडा पदरात लपवला अन् घरी नेऊन तिला चारला. त्या दिवसापासून पोर अंगाला लागली. मला वाटलं देव पावला."

मी म्हणले, "आईनं पोरीला गूळ चारला, त्यात काय पाप हाये?" मला खरंच तसं वाटत होतं, अजून वाटतं. पण चव्वेचाळीसचा आकडा मी माझ्या डोळ्यानं बघितला होता. दुसऱ्या दिवशी गोजरबाईनं गुळासाठी दोन शेळ्या विकल्या, अन् त्याच्या पुढच्या दिवशी आम्ही तिघी जीपमधी बसून राजूरला गेलो. मी काहून गेले ते मला विचारू नका. शीतलला धरायला कुणीतरी पाहिजे होतं.

रखमाजी म्हातारा झालेला, डोळ्यात फूल पडलेलं. लिंबाच्या फांदीला साखळीनं बांधलेला तराजू, पारडी लाकडाची, बाजेएवढी. चतुर्थी नव्हती म्हणून गर्दी नव्हती. ऊन सरळ डोक्यावर, लिंबाची सावली बुडाशी गोळा झालेली. आम्ही शीतलला पारड्यात बसवलं. रखमाजी समोरच्या पारड्यात गुळाच्या भेल्या ठेवत गेला. तिच्याकडं बघून वाटत होतं की एवढ्यात पारडं उठंल. उठलं न्हाई. तो ठेवत गेला. वारा नव्हता, तरी शीतलच्या बाजूची साखळी आपोआप पीळ घालत होती अन् सोडत होती. आणलेला सगळा गूळ चढला तवा कुठं पारडी सारखी झाली.

रखमाजीनं साखळीला हात लावला अन् लगेच काढला.

"ही एकटी बसली न्हाई," तो म्हणला.

गोजरबाई त्याच्या पायाशी बसली. त्यानं तिला आधी विचारलं, काय केलं होतं ते. ऐकून घेतलं. रागावला न्हाई. म्हणला, "माय, गूळ देवाला दिला म्हणजे पोरीच्या जागी एक गुळाची पोर दिली. तिलाच हिनं खाल्लं. मंग ती हिच्यात येऊन बसली अन् हिच्यासंग वाढली. आता ही उपाशी राह्यली. हिनं जेवढं सोडलं तेवढं तिनं उचललं. असंच चाललं तर काट्यावर आकडा तोच राहील, पण काट्यावर ही राहणार न्हाई."

माझ्या अंगावर काटा आला, ते मी लपवत न्हाई. शीतल पारड्यात बसूनच रडून राह्यली होती, आवाज न करता.

उपाय त्यानं सांगितला तो असा. गूळ इथं वाटायचा, अन् त्यातला थोडा घेऊन जायचा. शीतलच्या पंगतीला जेवणाऱ्यांनी एकेक खडा खायचा. रक्ताच्या माणसाचं चालत न्हाई. जी खाईल तिच्या अंगाला थोडा थोडा भार लागंल. "सांगून चारा," रखमाजी म्हणला, "फसवून न्हाई. अन् जेवढे वाटे केले तेवढे संपले पाहिजेत. एक जरी मागं राह्यला तर तो हिच्याकडं परत येतो, अन् येताना बाकीचे घेऊन येतो."

जीपमधी गोजरबाईनं हळूच विचारलं, "बाई, तुमच्यात चालतं का हे?"

"माझं मी बघते," मी म्हणले.

दुसऱ्या दिवशी शेडमधी मी गूळ मांडला. शीतल घरी झोपून होती. मी सगळ्या बायांना सगळं सांगितलं, गुळाचं, तराजूचं, अन् खाणारीच्या अंगाला काय लागंल त्याचं पण. एरवी माझ्या तोंडून असलं काही निघालं असतं तर त्यांनी मला महिनाभर चिडवलं असतं. पण काट्याचं सगळ्यांनी ऐकलं होतं. कुणाचा घास तोंडाजवळ थांबला, कुणी डब्याचं झाकण लावलं.

एकजण म्हणली, "माझं अगोदरच दोन किलो जास्त हाये. अजून कापले जातील."

"कापले जातील," मी म्हणले. "मी न्हाई कशाला म्हणू?"

वंदना उठली. तोंडातली तंबाखू बाहेर जाऊन थुंकून आली, चूळ भरली, खडा उचलला अन् खाल्ला. "माझ्या मावशीच्या वेळी कुणी विचारलं नव्हतं," एवढंच म्हणली. मंग एकेक करून सगळ्यांनी घेतला. नुसता दाताखाली गूळ फुटायचा आवाज. काकासाहेब दारात उभे राहून बघून राह्यले होते. मला वाटलं आता हे ओरडतील. ते आत आले, म्हणले, "मी पण इथंच जेवतो की," अन् त्यांनी पण एक खडा तोंडात टाकला.

राह्यला माझा. मी तो पदराच्या गाठीत बांधला. आमच्यात नवसाचं खात न्हाई, असं मी मनाला सांगितलं, अन् ते खरंच हाये. पण माझं वजन काठावर होतं, ते त्याच्याहून खरं होतं.

पैली तारीख आली. सकाळची वेळ, काम सुरू झालं नव्हतं, हात अजून गुलाबी झाले नव्हते. भारतनं शीतलला ऑटोतून दारापर्यंत आणून सोडलं. ती भिंतीला धरून आत आली. आधी आमच्या वजनाला सुरुवात झाली. वंदना चढली, मागच्यापेक्षा सव्वा किलो जास्त. तिच्यामागची चढली, तिचं पण तेवढंच जास्त. तिच्या मागचीचं पण. सगळ्यांचं तेवढंच. काकासाहेबांचं पेन हळू हळू चालून राह्यलं होतं. एकेक बाई खाली उतरली की दुसरीच्या खांद्यावर हात ठेवून उभी राहायची. मी चढले. माझा आकडा मागच्या महिन्यातलाच. वंदनानं माझ्याकडं बघितलं अन् मी दुसरीकडं.

मंग शीतल चढली. बेचाळीस.

काकासाहेबांनी आकड्याकडं न बघता तिच्याकडं बघितलं. पैल्यांदाच बघितलं असेल. म्हणले, "उतर बाई, झालं. आता जेवत जा." शीतलला खरं वाटंना. ती खाली उतरली अन् माझ्याकडं यायला लागली. तोंडावर हसू यायला सुरुवात झाली होती, पोटातून येतं तसं, जुनं.

तेवढ्यात माझ्या मागून कुणीतरी म्हणलं, "आकडा बघा."

काटा रिकामा. आकडा सव्वा किलो.

मी बघत असतानाच तो अडीच झाला. मंग पावणेचार. वंदनानं पोटाशी हात धरला, जसं काही तिच्यातून कुणी काढून घेतंय. पुढं पाच. काट्याचा पत्रा वाजला. माझ्यापर्यंत यायला शीतलला चार पावलं राह्यली होती, ती तिथंच गुडघ्यावर बसली, मागून कुणी गळ्यात पडल्यासारखी. माझ्या पदरातल्या गाठीचं तिला काही माहीत नव्हतं. ती माझ्याकडं बघून राह्यली होती अन् मदतीला हात पुढं केला होता.

लहान पोर गुळाला हात पुढं करते तसाच तो हात होता. गोजरबाईनं जे बघितलं ते मी आता बघितलं.

मी गाठ सोडायला गेले तर सुटंना. दातानं सोडली. गूळ पदराला चिकटला होता, तसाच धाग्यासकट तोंडात टाकला. देवाचा म्हणून मी तो खाल्ला न्हाई, हे मी आज पण सांगते अन् कुणापुढं पण सांगंन. शीतलचा म्हणून खाल्ला. लवकर गिळवंना. सगळ्या बाया माझ्या गळ्याकडं बघून राह्यल्या होत्या.

गिळला. आकडा शून्यावर आला अन् तिथंच राह्यला.

काकासाहेबांनी घसा खाकरला. म्हणले, "कौसल्याबाई, परत चढावं लागंल."

मी चढले. काठाच्या पलीकडं गेले होते. "लिहा की," मी म्हणले, "थांबलात कशाला? वाटून घेतलंय आम्ही." त्यांनी लिहिलं.

त्या दुपारी शेडमधी शीतलनं डबा उघडला. अर्धी भाकर खाल्ली, रडली, राह्यलेली अर्धी खाल्ली. मंग हात लांब करून माझ्या डब्यातलं वांगं उचललं, न विचारता. मी शिव्या दिल्या.

आता ती बरी हाये. अंगावर मांस आलंय, आवाज आलाय, टेबल हलतं. नियम काही गेला न्हाई, दर महिन्याला आम्हा बऱ्याच जणींचे थोडे थोडे कापतात. एक दिवस ती म्हणली, मावशी, तुमचे मी भरते. मी तिला असं झापलं की परत तिनं विषय काढला न्हाई.

माझं खाणं काही वाढलं न्हाई. काट्यावर मात्र तो सव्वा किलो उतरत न्हाई, काही केलं तरी. संध्याकाळी भारतच्या ऑटोत कधी मी एकटीच असते. तवा माझ्या शेजारची गादी जरा दबते. भारत आरशातून बघतो. मी पिशवी मांडीवर घेते अन् म्हणते, सरक गं बाई जरा, मला पण बसू दे.